विद्युतदाहिनीचा सर्व्हर

संगणकरावांना कुणी सांगितलं नव्हतं. मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी नुसतं विचारलं होतं, की विद्युतदाहिनीचं बुकिंग ऑनलाइन करायचं तर बाहेरची कंपनी किती मागेल? असा प्रश्न आला की खाली मान घालून कपातला चहा संपवायचा, ही आरोग्य खात्यातली जुनी रीत. सगळी नोकरी संगणकरावांनी ती इमानेइतबारे पाळली होती. त्या दिवशी मात्र तोंडून निघून गेलं, "बाहेरची कंपनी कशाला? मी करतो." शेजारी बसलेल्या हिशेबनीसांनी आपली खुर्ची हळूच चार बोटं लांब सरकवली.

संगणकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते सोसायटीनं ठेवलं होतं. कुणाच्या फोनचा आवाज गेला, कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या, कुणाला परदेशातला नातू पडद्यावर बघायचा असला, की संगणकरावांना हाक. खात्यात त्यांची कीर्ती प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढणारा माणूस, एवढीच होती. अशा माणसानं एकाएकी अख्ख्या शहराच्या मयतांची जबाबदारी अंगावर का घ्यावी, हे कुणाला कळेना.

कारण आई. आई गेली तेव्हा दोन दाहिन्यांपैकी एक बंद होती आणि दुसरीवर कुणाचा नंबर आधी यावरून दोन घरांची हातघाई चालली होती. नंबर तेव्हा खडूनं फळ्यावर लिहीत आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्या हाती खडू जाई. संगणकरावांच्या घराण्यात आवाज कुणाचाच मोठा नाही. सकाळी नेलेल्या आईला आत घ्यायला दिवेलागण झाली. तेवढा वेळ बाबा फुटपाथच्या कडेला स्ट्रेचरपाशी बसून होते. परतताना गाडीत ते एवढंच म्हणाले, "माझ्या वेळी असं नको रे." आता बाबांच्या फुप्फुसांनी संप पुकारला होता, आतल्या खोलीत ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं आणि डॉक्टर 'बघू या' म्हणायला लागले होते. डॉक्टर 'बघू या' म्हणतात तेव्हा काय बघायचं राहिलेलं असतं, हे न कळण्याइतके संगणकराव भोळे नव्हते. बाबांची वेळ यायच्या आत त्यांना ती रांग मोडायची होती.

त्यांनी एक उशीएवढं जाड पुस्तक आणलं, खात्याच्या अडगळीतला एक संगणक धूळ झटकून उभा केला आणि घरी जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं.

"हे बघ," ते बायकोला समजावत, "लोक एकदम येणार. एकाच कारकुनानं सगळ्यांना तोंड द्यायचं म्हटलं तर खोळंबा. म्हणून सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येकाला आपण एक स्वतंत्र थ्रेड द्यायचा. थ्रेड म्हणजे कारकूनच समज. दहा माणसं आली, दहा कारकून उभे. शंभर आली, शंभर."

"आणि दाहिन्या किती?"

"एकच. दुसरी अजून दुरुस्तीला आहे."

"मग शंभर कारकून एका दाहिनीभोवती काय फेर धरणार?" असं विचारून बायको भांडी आवरायला निघून गेली.

हा प्रश्न संगणकरावांना तेव्हा अगदीच अडाणी वाटला. जगात नवीन काही करायला निघालेल्या माणसाच्या वाट्याला अशीच बायको का येते, यावर त्यांनी घटकाभर विचारही केला.

आतून बाबांचा आवाज येई. "झालं का रे तुझं यंत्र? नाही, मला त्याप्रमाणे बेत करायला बरं." बाबांनी जन्मभर बस डेपोत गाड्यांचं वेळापत्रक लावलं होतं. कुठल्याही गोष्टीची सुटायची वेळ ठाऊक नसली की त्यांना चैन पडत नसे.

"काहीतरीच काय बोलता, बाबा?"

"बरं, नाही बोलत. बस जरा इथं."

"आलोच. एवढी एक ओळ लिहितो."

ती एक ओळ जेवणवेळेपर्यंत पुरायची. तोवर बाबांना डोळा लागलेला असायचा.

सर्व्हर तयार झाला, आता तो तपासायचा. तपासायला मयत हवेत आणि मयतांच्या नातेवाइकांचे फोन नंबर हवेत. कल्पनेतली नावं रचायची म्हणजे डोक्याला ताप. संगणकरावांच्या संगणकात सोसायटीची यादी आयती होती, नावं आणि फोन नंबरांसकट. त्यांनी ती जशीच्या तशी ओतली आणि बटण दाबलं. सर्व्हरनं सगळ्या सोसायटीला सुरेख वेळा नेमून दिल्या. संगणकरावांना इतका आनंद झाला, की सर्व्हर निरोपही पाठवतो ही गोष्ट ते साफ विसरले.

चेअरमन दोन जिने चढून आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. फोन त्यांनी संगणकरावांच्या नाकासमोर धरला. "आपल्या अंत्यसंस्काराची वेळ मंगळवारी सकाळी नऊ अशी निश्चित झाली आहे. वेळेवर उपस्थित राहावे."

"हे काय आहे?"

"ती चाचणी होती."

"मी वेळेवर उपस्थित राहू?" चेअरमन म्हणाले. "आमच्या हिनं वाचलं हे. साखर खाली गेली तिची. मागच्या सभेत मी तुमच्या गच्चीवरच्या डिशला हरकत घेतली, त्याचा हा सूड का?"

संगणकराव हात जोडून खुलासा करत होते, तोवर पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांची तक्रार वेगळी होती. "चेअरमनना सकाळची वेळ आणि मला दुपारी दोनची? ऐन उन्हात? कोण येणार हो माझ्यासाठी उन्हात?" बाईंना सकाळी दहाची वेळ करून दिल्यावरच त्या खाली गेल्या. बाबा आतून हसत होते. हसता हसता त्यांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. संगणकराव चेअरमनना दारातच सोडून आत धावले.

ऑनलाइन बुकिंगचं उद्घाटन झालं. साहेबांनी फीत कापली आणि भाषणात 'आता नागरिकांना घरबसल्या' एवढं बोलून ते अडखळले, कारण पुढं कसलं क्रियापद लावावं ते त्यांना सुचेना.

पहिला आठवडा बरा गेला. मग एका सकाळी दाहिनीवरच्या कारकुनांचा फोन आला. हे कारकून म्हणजे चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा शांत गृहस्थ. इतकी वर्षं मयतांच्या संगतीत काढल्यानं आवाज चढवायची त्यांची सवय सुटली होती. "साहेब, तुमच्या यंत्राला आमची दाहिनी डबलबेड वाटली का? एकाच वेळेची दोन माणसं आलीत."

संगणकराव पोचले तर दारात दोन शववाहिका शेजारी शेजारी उभ्या. एकीत एक जुन्या मुख्याध्यापिका, दुसरीत हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. दोन्हींकडचे थोरले मुलगे आपापले फोन पुढं करून उभे. दोन्ही फोनांवर तीच तारीख, तीच वेळ आणि संगणकरावांनीच लिहिलेलं तेच सांत्वनाचं वाक्य.

चूक कुठं झाली ते संगणकरावांना उभ्या उभ्या उमगलं. घरात एकच रिकामी खुर्ची आहे, दोन पाहुणे दोन दारांतून आले, दोघांनाही खुर्ची रिकामी दिसली आणि दोघंही मागं न बघता टेकले, तसं झालं होतं. दोन थ्रेड एकाच क्षणी विचारते झाले, ही वेळ मोकळी आहे का? दोघांनाही उत्तर मिळालं, आहे. दोघांनीही आपापलं नाव लिहिलं. संगणकरावांनी तपासणी एकट्यानं बसून केली होती, आणि एकटा माणूस एका वेळी एकदाच मरतो.

"आधी बटण कुणी दाबलं ते सांगा," हार्डवेअरवाला मुलगा म्हणाला. संगणकरावांनी लॅपटॉप उघडून नोंद पाहिली. दोघांनी एकाच सेकंदाला दाबलं होतं. हे त्यांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. गर्दीतून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "मग ज्यानं हे केलंय त्यालाच आधी आत घाला. तोवर आमचं ठरतं." यावर कुणी हसलं नाही, हे संगणकरावांना जास्त लागलं. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंच्या लेकानं माघार घेतली आणि बाईंची गाडी दुपारपर्यंत उन्हात उभी राहिली. ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप, नेमकी तीच गोष्ट संगणकरावांनी एका परक्या आईच्या वाट्याला आणली होती. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

झाल्या प्रकाराची बातमी सोसायटीत त्यांच्या आधी पोचली होती. चेअरमन जिन्यातच भेटले. "एवढी अक्कल शिकलात आणि साधं कुलूप सुचलं नाही? एक माणूस आत, दाराला कुलूप, बाकीचे बाहेर. आमच्या पाण्याच्या टाकीला मी हेच केलंय." संगणकरावांना राग आला, कारण पुस्तकातही नेमकं हेच लिहिलं होतं. त्याला नावसुद्धा लॉक असंच होतं.

त्यांनी लॉक घातलं. जपून वागायचं म्हणून सगळ्यात बाहेरच्या दारालाच घातलं. आता एका वेळी एकच थ्रेड आत जाई आणि तो बाहेर येईपर्यंत बाकीचे उंबऱ्यावर थांबत. दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी एका गृहस्थानं आपल्या काकांसाठी अर्ज उघडला, जन्मतारखेच्या रकान्याशी येऊन तो अडला आणि ती विचारायला आत्याकडे गेला. आत्यालाही ती ठाऊक नव्हती, पण तिनं त्याला जेवायला बसवून घेतलं. तोवर कुलूप त्याच्या नावानं लागलेलं. अख्ख्या शहरात कुणालाच पुढं सरकता येईना.

दुपारी साहेबांनी संगणकरावांना बोलावलं. साहेब खुशीत होते. "आज बुकिंग शून्य. सकाळपासून शहरात एकही मृत्यू नाही. मी वर कळवून टाकलंय." संगणकरावांनी खरी गोष्ट सांगितली तेव्हा साहेबांनी डोळे मिटून घेतले. "मग आता वर काय कळवू? की सगळे एकदम गेले?"

कुलूप आतल्या खोलीला लावलं, म्हणजे अर्ज भरताना मोकळं आणि वेळ नोंदवण्याच्या क्षणापुरतंच बंद. ते जमतं आहे तोवर साहेबांना सुचलं की शववाहिकाही इथूनच मिळायला हवी. सगळं एका खिडकीत. संगणकरावांनी शववाहिकेला दुसरं लॉक केलं. झालं असं, की एका घरानं आधी दाहिनी धरली आणि शववाहिका मागितली. दुसऱ्यानं आधी शववाहिका धरली आणि दाहिनी मागितली. पहिला म्हणे, शववाहिका मिळाली की पुढं सरकतो. दुसरा म्हणे, दाहिनी मिळाली की सरकतो. दोघंही सभ्य थ्रेड, धरलेलं सोडायचं नाही आणि न मिळाल्याबद्दल तक्रारही करायची नाही. दाहिनी तापून रिकामी उभी राहिली, शववाहिका दारात रिकामी उभी राहिली, तिचा ड्रायव्हर मागच्या बाजूला पाय पसरून झोपला आणि दोन घरांत दोन माणसं चादरीखाली वाट पाहत पडली. शेवटी शिपायानं संगणकाची वायर काढून परत लावली तेव्हा कुठं कोंडी फुटली.

"अरे," बाबा त्या संध्याकाळी म्हणाले, "दोन दिवस तुझं तोंड दिसलं नाही. जरा बस."

"बसतो, बाबा. एक लॉक सुटत नाहीये."

"सुटेल," बाबा म्हणाले. "सगळंच सुटतं." मग त्यांनी मुलाचा हात हातात घेतला आणि तसेच पडून राहिले. संगणकरावांच्या डोक्यात तेव्हा तोडगा घोळत होता, की सगळ्यांनी आधी शववाहिका धरायची, मग दाहिनी, उलटा क्रम कुणालाच नाही. तो विसरायच्या आत लिहून ठेवायला हवा होता. त्यांनी हात हळूच सोडवून घेतला.

तोडगा बरोबर निघाला. त्यापुढं त्यांनी थ्रेडही मोजके ठेवले, रेंगाळणाऱ्याला मुदत घातली आणि प्रत्येक बुकिंगला एक कोड दिला. तो कोड वेळ जवळ आली की बुकिंग करणाऱ्याच्या फोनवर येई आणि तो टाकल्याशिवाय दाहिनीचं बटण चालत नसे. ज्याची वेळ, तोच आत. दाहिनीवर भोंगा बसवला, तो मयताचं नाव पुकारी. महिनाभर एकही भांडण झालं नाही. कारकुनांनी फोन करून 'बरं चाललंय' असं कळवलं. चेअरमननी जिन्यात नुसती मान हलवली. संगणकरावांना वाटलं, आता बाबांना निवांत सांगावं. ते सुटी घेऊन घरी बसले आणि त्याच दुपारी बाबा गेले. शेवटी बोलणं झालं नाही. ताई आठवडाभर आधीच येऊन राहिली होती, ती उशाशी होती, बायको पायाशी होती. संगणकराव ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज का बदलला ते पाहत होते.

थोड्या वेळानं डॉक्टर येऊन कागद देऊन गेले. घर माणसांनी भरायला लागलं. संगणकराव गॅलरीत गेले, फोन काढला आणि स्वतःच्या सर्व्हरवर, इतर कुणाही नागरिकासारखं, वडिलांचं नाव भरलं. उद्या सकाळी नऊ. पहिलीच वेळ. भांडण नाही, फळा नाही, खडू नाही. सवयीनं त्यांनी सर्व्हरची नोंद उघडून पाहिली. त्याच मिनिटाला चार जोडण्या एकदम आल्या होत्या, चारही थ्रेडांनी आपापलं काम चोख केलं होतं, कुणी कुणाच्या पायात आलं नव्हतं. बाप गेल्याला तास झाला नव्हता आणि या माणसाची छाती क्षणभर अभिमानानं भरून आली. लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली आणि ते आत गेले.

सकाळी नऊला भोंग्यानं बाबांचं नाव पुकारलं. परदेशात असलेल्या धाकट्या भावाला ताई फोन लावत होती, पण तिकडं मध्यरात्र होती आणि फोन लागत नव्हता. शेवटी तिनं घरच्या ग्रुपवर निरोप टाकला, तो शेकडो शोकसंदेशांच्या ढिगात पडला. संगणकरावांनी कोड टाकला. कोड लागतो की नाही, या धास्तीनं त्यांची नजर पडद्यावर होती. हिरवा दिवा लागला, त्यांनी बटण दाबलं आणि सुटकेचा श्वास टाकला. दार बंद झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की बाबांचा चेहरा आपण पाहिलाच नाही.

माणसं पांगायला लागली आणि दहा वाजता भोंग्यानं पुन्हा बाबांचं नाव पुकारलं.

सगळे जागच्या जागी उभे राहिले. कारकून कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेत बाहेर आले. "यंत्रात आहे. दहा वाजता, तुमचेच वडील."

बायको पदराशी चाळा करत पुढं आली. "मी केलं होतं. स्वयंपाकघरातून. म्हटलं, यांच्या यंत्राचा काय भरवसा, हाताशी एक असावं."

"अगं, मग त्याच यंत्रावर कसं केलंस?"

"दुसरं कुठलं आहे?"

तेवढ्यात ताई म्हणाली, "मी अकराचं घेतलंय रे." जागेवर रुमाल टाकून ठेवावा, तशी घरातल्या प्रत्येकानं बाबांसाठी एकेक वेळ धरून ठेवली होती आणि कुणी कुणाला बोललं नव्हतं. एका वेळेला दोन मयत येऊ नयेत यासाठी संगणकरावांनी जिवाचं रान केलं होतं. एक मयत चार वेळा येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आदल्या दुपारच्या त्या चार जोडण्या कुणाच्या, हे त्यांना आत्ता कळलं. चौथी धाकट्याची, बारा वाजताची, ती कारकुनांनी नोंद बघून सांगितली.

"रद्द करा," ते कारकुनांना म्हणाले.

"रद्द करायची सोय कुठं ठेवलीय तुम्ही?"

नव्हती ठेवली. मेलेला माणूस बेत बदलत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यांनी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "दुःखात सहभागी आहे. लेखी द्या, सोमवारी बघू." बाकावर तीन-चार माणसं बसली होती. त्यांतल्या एका बाईचा नवरा शिंपी होता, काल संध्याकाळी मशीनवरच गेला. तिला संध्याकाळी पाचची वेळ मिळाली होती, पण घरात ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती सकाळीच घेऊन आली होती. तिच्याबरोबर शेजारचे दोघंच होते. दाहिनी तिच्यासमोर रिकामी होती.

"यांना घ्या ना," संगणकराव म्हणाले.

कारकुनांनी विचार केला. "कागदाच्या वहीत मी खरं नाव लिहीन. पण यंत्राला तुमच्या वडिलांचंच नाव लागणार, कोड तुमच्या घरचाच लागणार आणि नातेवाईक म्हणून तुम्हालाच आत उभं राहावं लागणार. चालेल?"

बायकोनं फोनवरचा कोड वाचून दाखवला. भोंग्यानं बाबांचं नाव पुकारलं, शिंपी आत गेला आणि संगणकराव त्याच्या बायकोशेजारी उभे राहिले. अकराला ताईच्या कोडवर एक ऐंशीच्या घरातल्या आजीबाई गेल्या. त्यांची सून भोंगा ऐकून म्हणाली, "जन्मभर आमच्या मामंजींच्या नावानं ओळखल्या गेल्या. आता जाताना तुमच्या वडिलांच्या नावानं जातायत. स्वतःचं नाव काही लाभलं नाही बिचारीला." त्यांनी ताईला आणि बायकोला घरी पाठवून दिलं.

बारा वाजत आले. उरलेल्यांना त्यांच्या त्यांच्या वेळा होत्या, ते दुपारी येतो म्हणून गेले होते. बाक मोकळा होता. "राहू दे रिकामी," संगणकराव म्हणाले.

कारकून चष्मा पुसत उभे राहिले. "एक आहे. आत, शीतपेटीत. रस्त्यावर सापडलेला. पोलिसांचे कागद केव्हाच पुरे झालेत. पण तुमचं यंत्र नातेवाइकाचा फोन नंबर घातल्याशिवाय पुढं सरकत नाही. माझा घातला तर म्हणतं, हा कर्मचारी आहे."

"मला कळवलं का नाहीत?"

"कळवलं की. दर वेळी उत्तर येतं, आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे."

ते वाक्य संगणकरावांचंच होतं. कोड धाकट्याकडे, त्याला आता कुठं उठवायचं, असा विचार करत असतानाच खिशातला फोन वाजला.

"दादा," धाकटा म्हणाला, "कोड आलाय. मी इकडच्या वेळेचा हिशेब करून गजर लावला होता. नेतायत ना आता? मला तिकीट मिळालं नाही रे. म्हटलं, निदान बुकिंग तरी मी करतो. उशीर नाही ना झाला मला?"

ग्रुपवरचा निरोप त्यानं वाचलेला नव्हता. खरं सांगायला संगणकरावांना एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी तोंड उघडलं, कारकुनांकडे पाहिलं, आणि वेगळंच वाक्य बाहेर आलं. "नाही. वेळेवर आलास. तुझ्यासाठीच थांबलोय."

"सांगू?"

"सांग."

धाकट्यानं एकेक आकडा सांगितला. कारकुनांनी आकडे दाबले, भोंग्यानं बाबांचं नाव पुकारलं आणि धाकट्यानं ते फोनमधून ऐकलं. स्ट्रेचर बाहेर आलं. या वेळी संगणकरावांनी पडद्याकडे पाहिलं नाही. दाढीचे खुंट वाढलेला, गाल आत गेलेला, बाबांपेक्षा थोडा लहान असा तो माणूस होता. त्याच्या चेहऱ्याकडे ते बघत राहिले.

"दादा, फोन जरा जवळ धर ना. कानाशी धर त्यांच्या."

त्यांनी फोन त्या माणसाच्या कानाशी धरला. धाकटा बोलत होता. यायला जमलं नाही म्हणत होता, दर रविवारी फोन करायचं कबूल करून केला नाही म्हणत होता, लहानपणी डेपोत नेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचात ते आठवतंय म्हणत होता. बोलता बोलता तो लहान मुलासारखा रडायला लागला. संगणकरावांना कालपासून रडू आलं नव्हतं, ते आता आलं. बाबांसाठी आलं, की धाकट्यासाठी, की ज्याला कुणीच रडायला नव्हतं त्या माणसासाठी, हे त्यांना सांगता आलं नसतं. कारकून भिंतीकडे तोंड करून उभे होते. मग वळून ते हळू आवाजात म्हणाले, "नोंद वाचून दाखवावी लागते. मयताशी नातं, मुलगा. बरोबर?"

"बरोबर," संगणकराव म्हणाले, आणि फोन तसाच धरून त्यांनी दुसऱ्या हातानं बटण दाबलं.